पद्धतविकासाचे सहा दिवस : ठाण्यातील एका एचपीएलसी प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात साडेतीन वर्षे काढली की आपल्याला एचपीएलसी, म्हणजे द्रवाच्या प्रवाहातून मिश्रणातील पदार्थ वेगळे करून मोजण्याचे तंत्र, येते, असा एक सुखद गैरसमज होतो. मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारा द्रव) करून गाळायची, कॉलम (पदार्थ वेगळे करणारी, बारीक कणांनी भरलेली नळी) सॅच्युरेट करायचा, सीक्वेन्स (टोचायच्या नमुन्यांची यादी) भरायचा, स्टँडर्डच्या पाच इंजेक्शनांचा आरएसडी (निकालांतील विखुरणीची टक्केवारी) पाहायचा आणि निकाल नोंदवायचा, हे सारे हातांच्या इतके अंगवळणी पडते की डोक्याला त्यात फारसे काम उरत नाही. माझा हा गैरसमज गेल्या वर्षी विभाग बदलला त्या दिवशी संपला. पद्धतविकासाच्या विभागात गेल्यावर समोर एसटीपी, म्हणजे लिहून ठेवलेली चाचणीपद्धत, नव्हती, कोरा कागद होता. इतरांनी लिहिलेल्या पद्धती मी शेकडो वेळा चालवल्या होत्या, पण बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच अमुकच का, ॲसिटोनायट्राइल का, मेथॅनॉल का नाही, मोजणीच्या प्रकाशाची लहर २२२ नॅनोमीटरच का, यांपैकी एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका खासगी प्रयोगशाळेत तीन शनिवार-रविवार चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गाला मी नाव घातले. शुल्क सोळा हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे होते आणि ते मी स्वतःच्या खिशातून भरले, हे आधीच सांगते, कारण कंपनीने पाठवलेल्या माणसाचे परीक्षण आणि पदरचे पैसे घातलेल्या माणसाचे परीक्षण यांत फरक पडतो. वर्गाचे नाव येथे देत नाही. गुण-दोष दोन्ही मोकळेपणाने लिहायचे आहेत, आणि अशा वर्गांची निवड करताना काय पाहावे हे नवशिक्यांना कळले, तर नावावाचूनही काम होईल.

आम्ही आठ जण होतो आणि यंत्रे दोन होती. एक नवे, दोन पंपांचे आणि पीडीए (एकाच वेळी अनेक लहरींवर मोजणारा) डिटेक्टर असलेले. दुसरे बरेच जुने, चार वाहिन्यांचे आणि साध्या अतिनील डिटेक्टरचे. चौघांमागे एक यंत्र हे प्रमाण चांगले आहे. मी चौकशी केलेल्या दुसऱ्या एका वर्गात पंचवीस जणांना एकच यंत्र ‘दाखवले’ जात होते. शिकवणारे सर औषध उद्योगातून निवृत्त झालेले विश्लेषक होते आणि त्यांच्या मदतीला एक मॅडम होत्या, ज्यांना यंत्राचा प्रत्येक स्क्रू पाठ होता. बोलणे मराठीत, मध्येच हिंदीत. संज्ञा अर्थातच इंग्रजी. ‘सामू’ हा शब्द सरांनी एकदा उच्चारला, आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो आणि मग सहाही दिवस पीएचच चालला.

पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू दिला नाही. सुरुवातीला १९०३ साली वनस्पतीतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीतून वेगळी करणाऱ्या मिखाईल त्स्वेत यांची गोष्ट झाली, ती बहुतेकांना ठाऊक होती. त्यानंतर मात्र सरांनी पॅरासिटॅमॉल ३२५ मिलिग्रॅम आणि इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम असलेल्या गोळीचे पाकीट टेबलावर ठेवले आणि सांगितले की सहा दिवसांत या गोळीसाठी दोन्ही औषधांचे एकत्र प्रमाण काढणारी पद्धत तुम्हीच तयार करायची आहे. कोणीतरी लगेच मोबाइलवर शोधनिबंध उघडला. सरांनी तो बंद करायला लावला आणि दोन्ही रेणूंची रचना फळ्यावर काढून घेतली. पॅरासिटॅमॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनीकृत असतात तो) सुमारे ९.५, म्हणजे आपण वापरू शकू त्या कोणत्याही पीएचला तो उदासीनच राहणार. इबुप्रोफेन कार्बॉक्झिलिक आम्ल, पीकेए साधारण साडेचार ते पाचच्या दरम्यान. पहिला बऱ्यापैकी जलस्नेही, दुसरा तेलकट. हे सगळे आम्ही एम.एस्सी.ला शिकलो होतो, पण कॉलमशी त्याचा काय संबंध, हे कोणी विचारले नव्हते. ‘रेणू ओळखल्याशिवाय यंत्र चालू करू नये,’ एवढे बोलून त्यांनी त्या दिवसाचा उरलेला वेळ सी-१८ (तेलकट रेणू धरून ठेवणारा) कॉलम आणि बफर यांवर घालवला.

बफरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. बफर त्याच्या पीकेएच्या आसपास एका एककाच्या आतच नीट काम करतो. फॉस्फेटचे उपयोगी पीकेए २.१ आणि ७.२, ॲसिटेटचा ४.७६, साधा सिलिकाचा कॉलम ढोबळमानाने पीएच २ ते ८ इतकेच सोसतो. या तीन वाक्यांतून निवडीचे निम्मे काम होते. आमच्या कारखान्यात पीएच ५ चा फॉस्फेट बफर वापरणारी एक जुनी पद्धत आहे आणि दर महिन्याला तिचा रिटेन्शन टाइम (पदार्थ कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ) का भरकटतो याची चर्चा होते. पीएच ५ ला फॉस्फेट जवळपास बफर नसतोच, हे मला ठाण्यात त्या दुपारी कळले. पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी, केवळ पाण्यातील बफरचा मोजावा, हा नियमही सरांनी कारणासह सांगितला. आमच्याकडे काही जण तो मिश्रणात मोजतात आणि काही जण आधी, आणि मग दोन शिफ्टचे निकाल जुळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चुका करायला दिल्या, आणि या वर्गाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. आमच्या गटाला ॲसिटेट बफर पीएच ४.५ आणि ॲसिटोनायट्राइल निम्मे-निम्मे, असा इबुप्रोफेनचा रन लावायला सांगितले. पीक (आलेखावरचा उंचवटा) छान आले. मग फक्त पीएच ४.७ करून तोच रन पुन्हा लावला, तर इबुप्रोफेन एका मिनिटाहून अधिक लवकर बाहेर पडले. पीकेएच्या जवळ बसलेला पीएच म्हणजे बंधाऱ्याच्या काठावर ठेवलेली घागर. जरा धक्का लागला की गेली. पीएच मीटरच्या रोजच्या चुकीएवढा फरक पीक मिनिटभर हलवतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर पीएच पीकेएपासून निदान दीड-दोन एकके दूर ठेवावा, हे वाक्य पाठ करावे लागत नाही. आम्ही मग फॉस्फेट बफर, पीएच २.५ कडे वळलो. तेथे इबुप्रोफेन पूर्णपणे अनायनीकृत राहते, पीएच थोडा हलला तरी त्याला फरक पडत नाही, फॉस्फेट आपल्या हद्दीत असते आणि कॉलमही. चारही बाजूंनी निर्णय बरोबर वाटत होता. हे वाक्य लक्षात ठेवावे. चौथ्या दिवशी त्याकडे परत यायचे आहे.

त्यानंतर प्रश्न आला दोन औषधांतील अंतराचा. आमचा कॉलम २५० बाय ४.६ मिलिमीटर, ५ मायक्रॉनचा. मिनिटाला एक मिलि या वेगाने त्यातून काहीही न अडता जाणारा पदार्थ अडीच मिनिटांच्या सुमारास बाहेर पडतो, आणि हे युरॅसिल टोचून आम्ही स्वतः पाहिले. साठ टक्के ॲसिटोनायट्राइलला इबुप्रोफेन योग्य वेळी आले, पण पॅरासिटॅमॉल २.९ मिनिटांना, म्हणजे जवळजवळ द्रावकाच्या पुढच्या टोकातच मिसळलेले. वीस टक्क्यांना पॅरासिटॅमॉल देखणे आले, इबुप्रोफेनसाठी मात्र आम्ही तासभर बसलो आणि शेवटी कंटाळून रन थांबवला. एकाच स्थिर मिश्रणाने हे दोन्ही रेणू सांभाळता येत नाहीत, हा निष्कर्ष सरांनी पाच मिनिटांत सांगितला असता तर आम्ही वहीत लिहून घेतला असता. तासभर सपाट बेसलाइनकडे पाहिल्यामुळे तो हाडांत मुरला. शेवटी ग्रेडियंट, म्हणजे रन चालू असताना मिश्रण बदलत नेणे, ठरला. सुरुवातीला चार मिनिटे १५ टक्के, बाराव्या मिनिटापर्यंत ६५ टक्के, तेथे थोडा मुक्काम आणि परत खाली. पॅरासिटॅमॉल साडेपाच मिनिटांच्या पुढे, इबुप्रोफेन सोळाव्या मिनिटाच्या आसपास. ६५ टक्क्यांवरच का थांबलो, यालाही कारण आहे. पोटॅशियम फॉस्फेट जास्त ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळलेले राहत नाही, ते पंपात आणि नळ्यांत स्फटिकरूपाने बसते. जुन्या यंत्राच्या पंपावरचा पांढरा खार मॅडमनी आम्हाला टॉर्च लावून दाखवला. पुस्तकातील ‘अवक्षेप’ हा शब्द त्यानंतर मला वेगळा दिसू लागला.

लहर निवडताना पॅरासिटॅमॉलचे शोषण २४३ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक आणि इबुप्रोफेनचे २२२च्या आसपास, म्हणून २२२ घेतली. तेथे पॅरासिटॅमॉलही पुरेसे शोषते. याच कारणाने मेथॅनॉल मागे पडले, कारण ते २०५ नॅनोमीटरच्या खाली स्वतःच शोषते आणि इतक्या खालच्या लहरीला ग्रेडियंटमध्ये बेसलाइन चढत जाते. ॲसिटोनायट्राइल १९० पर्यंत पारदर्शक, पण महाग. ते ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातील उपपदार्थ आहे आणि २००८-०९ मध्ये मुख्य मालाची मागणी घसरल्यावर जगभर त्याचा तुटवडा कसा झाला आणि प्रयोगशाळा मेथॅनॉलवर पद्धती पुन्हा कशा बेतू लागल्या, हे सरांनी चहाच्या वेळी सांगितले. अशा गोष्टी हस्तपुस्तिकेत नव्हत्या. त्या असायला हव्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नमुना तयार करण्याचा धडा होता. गोळी भरडून शुद्ध मेथॅनॉलमध्ये विरघळवली, २० मायक्रोलिटर टोचली, तर पॅरासिटॅमॉलचे पीक पुढून फुगलेले आणि मधून दुभंगलेले. (आमचे घर भातशेतीचे आहे. ‘आज पीक दुभंगले’ असे मी फोनवर आईला सांगितले, तेव्हा तिला आधी पावसाचीच काळजी वाटली.) कारण सरळ होते. पंधरा टक्के ॲसिटोनायट्राइलच्या प्रवाहात शुद्ध मेथॅनॉलचा थेंब पडला की पॅरासिटॅमॉल त्या थेंबाबरोबर पुढे पळते. मग मेथॅनॉलऐवजी पाणी घ्यावे, तर इबुप्रोफेन विरघळत नाही. या अडचणीवर पुस्तकी उत्तर नाही, तडजोड आहे. मूळ द्रावण मेथॅनॉलमध्ये करायचे, पुढची सौम्यता पाणी आणि मेथॅनॉल समान भागांत करायची आणि इंजेक्शन दहा मायक्रोलिटरवर आणायचे. पीक सरळ झाले, टेलिंग (पिकाच्या शेपटीचे माप) १.१ आले. गाळणीची पहिली काही मिलि फेकून का द्यायची, हेही गाळलेला आणि केवळ सेंट्रिफ्यूज केलेला नमुना शेजारी-शेजारी चालवून दाखवले.

त्याच दुपारी दोन्ही यंत्रांवर तीच पद्धत चालवली आणि वर्गातला सर्वांत सुंदर प्रयोग झाला. पॅरासिटॅमॉल दोन्हीकडे जवळपास त्याच वेळी आले, इबुप्रोफेन मात्र जुन्या यंत्रावर सुमारे मिनिटभर उशिरा. कॉलम तोच, मोबाइल फेज तीच, गाळलेलीही एकाच बाटलीत. सरांनी उत्तर दिले नाही. कॉलम काढून त्या जागी साधा जोड लावला, एका वाहिनीत पाणी आणि दुसरीत थोडा ॲसिटोन घातलेले पाणी भरले, रेषीय ग्रेडियंट चालवला आणि ठरवलेला चढ प्रत्यक्ष डिटेक्टरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते आलेखावर मोजायला लावले. जुन्या यंत्रात द्रावके पंपाच्या आधी मिसळतात, त्यामुळे मिसळण्याच्या जागेपासून कॉलमपर्यंतची वाट लांब. ग्रेडियंट तेथे तेवढा उशिरा पोहोचतो. पॅरासिटॅमॉल सुरुवातीच्या स्थिर टप्प्यातच बाहेर पडत असल्याने त्याला हा उशीर कळतच नाही. एका प्रयोगशाळेची पद्धत दुसरीत नेली की का बिघडते, यावर मी दोन वर्षे बैठका ऐकल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या बैठका या पंचवीस मिनिटांनी वाचल्या असत्या.

येथपर्यंतचा वर्ग मी कोणालाही डोळे मिटून सुचवेन. पुढचे तीन दिवस तसे नाहीत.

चौथ्या दिवशी सक्तीचे विघटन होते. आम्ल, अल्कली, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांखाली औषध मुद्दाम बिघडवायचे आणि बिघाडातून निघालेले पदार्थ मुख्य पिकांपासून वेगळे दिसतात की नाही ते पाहायचे. आमच्या गटाकडे आम्ल आले. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ८० अंशांवर चार तास ठेवलेल्या नमुन्यात पॅरासिटॅमॉल नऊ टक्क्यांच्या आसपास घटले, पीडीएने पिकाची शुद्धताही बरोबर दाखवली आणि तक्त्यात ‘अनुरूप’ असे लिहून आम्ही पुढे जाणार होतो. परंतु नवे पीक कोठेच नव्हते. घटलेले नऊ टक्के गेले कोठे? पॅरासिटॅमॉलचे जलविघटन झाले की पॅरा-ॲमिनोफेनॉल तयार होते, हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगता येईल. मॅडमनी त्याचे स्टँडर्ड काढून दिले, ते टोचले, तर पीक २.६ मिनिटांना, द्रावकाच्या खळबळीत बुडालेले. पीएच २.५ ला त्याचा अमिनो गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि भारित रेणूला सी-१८ धरून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी चारही बाजूंनी बरोबर वाटलेला निर्णय पाचव्या बाजूने चुकला होता.

मी विचारले की मग पीएच ७ ला जायचे का. तेथे फॉस्फेटचा दुसरा पीकेए हाताशी आहे, पॅरा-ॲमिनोफेनॉल उदासीन राहील आणि थोडे तरी थांबेल, पॅरासिटॅमॉलला फरक पडणार नाही आणि इबुप्रोफेन आयनीकृत झाल्यामुळे लवकर येईल, म्हणजे दोन औषधांमधले मोठे अंतरही कमी होईल. सर प्रसन्न झाले, फळ्यावर माझा प्रश्न लिहिला आणि म्हणाले की बरोबर वाटेवर आहात, पण उद्यापासून व्हॅलिडेशन (पद्धत विश्वासार्ह आहे हे सिद्ध करणे) आहे, वेळापत्रकात आता मागे जायला जागा नाही. माझ्या दृष्टीने या वर्गाचा मुख्य दोष हाच. जी पद्धत विघटनाचा मुख्य पदार्थ दाखवू शकत नाही, हे आम्हाला चौथ्या संध्याकाळी ठाऊक झाले होते, तिचेच व्हॅलिडेशन आम्ही पाचव्या आणि सहाव्या दिवशी प्रामाणिकपणे, सह्या-तारखांसह केले. पद्धतविकास हा एकमार्गी रस्ता असल्यासारखे वेळापत्रक आखले आहे. प्रत्यक्षात विघटनाच्या निकालानंतर पीएचकडे परत जावे लागते, पीएच बदलला की ग्रेडियंटकडे, ग्रेडियंट बदलला की नमुन्याच्या द्रावकाकडे. नवशिक्याला हे परतणे म्हणजे अपयश वाटते. ते कामाचाच भाग आहे, हे दाखवण्याची आयती संधी तेथे होती आणि ती दवडली गेली.

व्हॅलिडेशनच्या दोन दिवसांबद्दल माझे मत संमिश्र आहे. हातात दिलेली पुस्तिका आयसीएच या औषधांचे निकष जगभर एकसारखे करणाऱ्या संस्थेच्या, व्हॅलिडेशनवरील क्यू-२ मार्गदर्शनाच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली होती. सुधारित क्यू-२ आणि त्याच्या जोडीला पद्धतविकासावरचे नवे क्यू-१४ ही दोन्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीकारली गेली. पद्धतीचा काटकपणा, म्हणजे प्रवाह, तापमान, पीएच थोडे हलवले तरी निकाल टिकतो का, हा विषय आता विकासाच्या टप्प्यातच तपासायचा आहे, असा या दोहोंचा रोख आहे. आमच्याकडे तो सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता, परतीच्या बसची घाई असताना उरकला गेला. शिवाय केवळ प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीसाठी शोध-मर्यादा आणि मापन-मर्यादा काढण्याची गरज नसताना त्यांवर दीड तास गेला, कारण तक्त्यात ते रकाने होते.

रेषीयतेचा धडा सर्वांत निराशाजनक. पाच सांद्रता, पन्नास ते दीडशे टक्के, एक्सेलमध्ये आकडे भरले, आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती नीट बसतात याचे माप) ०.९९९ च्या वर आला आणि टाळ्या. अवशेषांचा (प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर, याचा) आलेख कोणी काढला नाही, छेदकाचे (रेष उभ्या अक्षाला जेथे कापते त्याचे) मूल्य शंभर टक्के पातळीच्या प्रतिसादाच्या तुलनेत किती, हे कोणी विचारले नाही. वरच्या टोकाला रेष किंचित वाकलेली असली तरी आर-वर्ग खुशाल ०.९९९ येऊ शकतो. एक्सेलची सूत्रे कुलूपबंद असल्यामुळे मागे काय घडते ते कळण्याचीही सोय नव्हती. संख्याशास्त्राचा एक अर्धा दिवस या वर्गात अत्यावश्यक आहे.

तथापि एका प्रसंगाने मला हे दोन दिवस पूर्ण वाया गेले असे म्हणवत नाही. अचूकतेसाठी आम्ही स्टार्च, सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज, टाल्क आणि मॅग्नेशियम स्टिअरेट यांच्या प्लासिबोत (औषधाविना गोळीच्या भुकटीत) दोन्ही औषधे ८०, १०० आणि १२० टक्के पातळीवर, प्रत्येकी तीनदा मिसळली. नऊपैकी आठ नमुने ९८ ते १०२ टक्क्यांत बसले. इबुप्रोफेनचा १२० टक्क्यांचा एक निकाल ९६.३ आला. गटातील एकाने सहज सुचवले की तीच कुपी पुन्हा टोचू, नाहीतर इंटिग्रेशन (पिकाचे क्षेत्रफळ मोजण्याच्या सीमा) जरा बदलून पाहू. सरांनी यंत्रावरचा हात बाजूला करायला लावला. सहा दिवसांत ते एकदाच आवाज चढवून बोलले. आधी कारण, मग कृती. आणि पहिला आकडा नोंदीतून कधीही जायचा नाही. कारण शोधायला दोन तास लागले. त्या एका फ्लास्कला सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी विरघळवणाऱ्या यंत्राच्या) टोपलीत कडेला जागा मिळाली होती आणि मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला तेव्हा तळाशी न विरघळलेली भुकटी दिसली. सोनिकेशनची वेळ वाढवली, मध्येमध्ये फ्लास्क हलवण्याची सूचना पद्धतीत लिहिली आणि नऊच्या नऊ नमुने नव्याने केले. जुना ९६.३ वहीत तसाच आहे, शेजारी कारण आणि सही. कारखान्यातील डेटा इंटिग्रिटीच्या (नोंदींच्या खरेपणाच्या) भाषणांपेक्षा ही एक ओळ मला अधिक शिकवून गेली.

पुनरावृत्तीसाठी सहा नमुने केले, आरएसडी पॅरासिटॅमॉलचा ०.८ आणि इबुप्रोफेनचा १.१. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गटाने, दुसऱ्या यंत्रावर तेच केले तेव्हा ग्रेडियंटच्या उशिराचे भान सर्वांना होते आणि पिकांच्या वेळांची खिडकी तशी आधीच रुंद ठेवली गेली. तिसऱ्या दिवसाचे शिकणे येथे कामी आले, हे नोंदवायला हवे.

सोयींबद्दल थोडक्यात सांगते. चहा वेळेवर, जेवण कॅन्टीनमधले साधे. ठाणे स्थानकापासून रिक्षा सहज मिळते. बोईसरहून येणाऱ्या माझ्यासारखीला मात्र घोडबंदर रस्त्याने पहाटे निघावे लागते. एका शनिवारी वीज गेली आणि जनरेटरने यंत्र सांभाळले, पण कॉलम पुन्हा स्थिर व्हायला पाऊण तास गेला. दिवसाअखेरीला कॉलम धुण्याची शिस्त उत्तम होती. बफरमधून थेट ॲसिटोनायट्राइलवर उडी नाही, आधी नव्वद टक्के पाण्याने मीठ काढायचे आणि मगच द्रावकात ठेवायचे, हे मॅडम स्वतः उभ्या राहून करून घेत. प्रमाणपत्र सहाव्या दिवशी मिळाले, परीक्षा नव्हती. परीक्षा असती तर बरे झाले असते.

कोणी जावे? ज्यांनी एचपीएलसी यंत्र कधीच चालवलेले नाही त्यांना पहिले तीन दिवस झेपणार नाहीत, कारण तेथे पंप कसा सुरू करायचा हे शिकवत नाहीत. एक-दोन वर्षे तयार पद्धती चालवलेल्या आणि आता विकासाकडे वळणाऱ्यांना हे पैसे वसूल वाटतील. व्हॅलिडेशनचे प्रोटोकॉल लिहायला शिकण्यासाठी जाणाऱ्यांनी दुसरा पर्याय पाहावा, किंवा नाव घालण्यापूर्वी पुस्तिका कोणत्या आवृत्तीवर आहे आणि संख्याशास्त्राला किती वेळ आहे, हे फोनवर विचारून घ्यावे. माझ्याकडून पहिल्या तीन दिवसांना पाचपैकी पाच, नंतरच्या तीन दिवसांना अडीच.

संयोजकांना मी सविस्तर लिहून कळवले की चौथ्या दिवसानंतर एक मोकळा दिवस ठेवावा आणि पुढच्या तुकडीला पीएच २.५ ची पद्धत मोडून पुन्हा बांधू द्यावी. वेळापत्रक पाहून सांगतो, असे उत्तर आले आहे. दरम्यान आमच्या विभागात एक कॉलम आणि एक दुपार मोकळी मिळाली, तेव्हा मी फॉस्फेट बफर पीएच ७.० करून, सुरुवातीला फारच थोडे ॲसिटोनायट्राइल ठेवून, तोच आम्लात बिघडवलेला नमुना आधी उदासीन करून टोचला. पॅरा-ॲमिनोफेनॉल चौथ्या मिनिटाला द्रावकापासून स्वच्छ वेगळे आले, इबुप्रोफेन बरेच अलीकडे सरकले. संध्याकाळपर्यंत पॅरा-ॲमिनोफेनॉलचे स्टँडर्ड द्रावण तपकिरी पडले होते, म्हणजे आता द्रावणाच्या स्थिरतेचा प्रश्न उभा आहे. ते थंडीत आणि अंधारात ठेवून दर दोन तासांनी टोचण्याचा सीक्वेन्स मी सोमवारसाठी भरून ठेवला आहे.